पेन्शन सुरू झाली. आता कोणते काम हाती घ्यावे?

शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख लागलेल्यांची पिढी मोठी आहे. त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी राज्यात कितीतरी शिक्षक एकदम ५८ वर्षे पूर्ण करून निवृत्त होतात आणि पावसाळ्यात या सदराकडे त्यांची पत्रे येऊ लागतात. प्रकृती धडधाकट, पेन्शनचे कागद मार्गी लागलेले, पण हातात काम नाही. या वेळी सगळी पत्रे याच विषयावरची घेतली आहेत. गावे दिली आहेत, नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : अनुदानित माध्यमिक शाळेत ३३ वर्षे नोकरी झाली, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून. इंग्रजी आणि इतिहास शिकवत होते. चार खासगी शाळांना अर्ज पाठवले, एकीकडूनही उत्तर नाही. अर्जात सगळी प्रशिक्षणे, पुरस्कार, कार्यक्रम लिहिले होते. काय चुकत असावे? (नाशिक)

उत्तर : अर्ज लांबलचक आणि त्यात प्रत्यक्ष कामाची माहिती थोडी, हेच बहुधा चुकले असणार. खासगी शाळेचे संचालक अर्ज वाचताना एकच गोष्ट शोधतात : आपल्याकडे अडलेले कोणते काम या बाई आल्या आल्या उचलतील? ‘३३ वर्षांचा प्रदीर्घ अनुभव’ या शब्दांतून ते कळत नाही. ती ३३ वर्षे कामांमध्ये फोडून लिहा.

‘सहा वर्षे मुख्याध्यापिका म्हणून यशस्वी कार्य’ ही ओळ काढा. तिच्या जागी असे काही येऊ द्या : ‘२२ तुकड्या आणि ३४ शिक्षकांचे वेळापत्रक दरवर्षी स्वतः तयार केले. गैरहजर शिक्षकांच्या तासिकांची बदली रोज शाळा भरण्याआधी लावली. दहावीच्या परीक्षेत तीन वर्षे केंद्रसंचालक. यू-डायसची माहिती स्वतः भरली. नवीन शिक्षकांचे पाठ पाहून लेखी सूचना दिल्या.’ आकडे अर्थात तुमचे खरे घाला. शालार्थ (अनुदानित शाळांची पगाराची प्रणाली) आणि संचमान्यता (शिक्षकपदांची मंजुरी) यांचा तुम्हाला कितीही सराव असला तरी विनाअनुदानित शाळेला त्याचा उपयोग नाही, तेव्हा ते गाळा. उलट शिक्षणहक्क कायद्याखालचे (आरटीई) पंचवीस टक्के प्रवेश, पालकांच्या तक्रारी आणि परीक्षा विभाग ही त्यांची रोजची डोकेदुखी असते. त्यातले जे केले असेल ते वर आणा. सगळे मिळून एक पान, फार तर दीड. पुरस्काराला एक ओळ पुरे.

कोणत्या जागेसाठी अर्ज आहे ते पहिल्याच ओळीत यायला हवे. पहिली ते आठवीला शिकवण्यासाठी शाळा टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) मागतात आणि तुमच्या पिढीच्या शिक्षकांकडे ती सहसा नसते. म्हणून नववी-दहावीचे अध्यापन, परीक्षा विभाग, शैक्षणिक समन्वयक किंवा नवशिक्षकांचे प्रशिक्षण यांपैकी एक निवडा. ‘कोणतेही काम चालेल’ असे लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. वेळही पाहा. सीबीएसई शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यांच्या जागा फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतात. राज्य मंडळाच्या शाळांच्या एप्रिल-मेमध्ये. दिवाळीनंतर प्रसूती रजेवर गेलेल्या शिक्षिकांच्या जागा निघतात. पाय ठेवायला ही जागा चांगली, कारण चार महिन्यांत शाळा तुम्हाला पाहते आणि तुम्ही शाळेला.

नमुना पाठ घ्यायला बोलावतील. अनुभवी शिक्षकांचा पाठ तिथे फसतो तो बहुधा एका कारणाने : वीस मिनिटे मिळतात आणि वीसच्या वीस मिनिटे ते स्वतः बोलतात. पहिल्या तीन मिनिटांत मुलांना एक प्रश्न टाका, फळा वापरा आणि शेवटची पाच मिनिटे मुलांना काय कळले ते तपासायला ठेवा. शाळेत स्मार्ट बोर्ड असेल तर आदल्या दिवशी जाऊन तो चालवून पाहू द्या म्हणावे. यात कमीपणा नाही.

जागा मिळाली की नियुक्तिपत्र हातात आल्याशिवाय रुजू होऊ नका. पदाचे नाव, कामाचे तास, शनिवारी किती वेळ, रक्कम आणि ती कोणत्या तारखेला मिळणार, करार किती महिन्यांचा, सोडायचे झाल्यास दोन्ही बाजूंना सारखीच पूर्वसूचना, आणि पैसे ‘पगार’ म्हणून मिळणार की ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून, हे सगळे त्यात हवे. शेवटच्या मुद्द्याचा करावर काय परिणाम होतो ते लातूरच्या पत्राच्या उत्तरात पाहा. मूळ प्रमाणपत्रे दाखवा आणि परत घ्या. ठेवून घेतो म्हणाले तर स्वसाक्षांकित प्रती द्या, मूळ कागद कोणत्याही सबबीवर सोडू नका. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी मात्र मागतील. ती मुलांच्या सुरक्षिततेसाठी असते, आनंदाने करून द्या.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळांत निवृत्त शिक्षकांना मानधनावर घेतात असे ऐकले. अर्ज कुठे करायचा? (हिंगोली)

उत्तर : राज्य सरकारने जुलै २०२३मध्ये तसा निर्णय काढला होता. दरमहा २० हजार रुपये मानधन, वयोमर्यादा ७० वर्षे आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून नियमित शिक्षक मिळेपर्यंतच नियुक्ती, असे त्याचे स्वरूप होते. त्यानंतर कंत्राटी शिक्षकांबद्दल वेगळे निर्णय निघाले आणि काही मागेही घेतले गेले. म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारे पत्र धरून बसू नका. शालेय शिक्षण विभागाचा ताजा शासन निर्णय संकेतस्थळावर पाहा आणि जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात समक्ष चौकशी करा. जागा मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर ती सरळ फसवणूक आहे. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा, उशीर झाला की रक्कम थांबवणे अवघड होते.

तुमच्याकडे पदव्युत्तर पदवी असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या जवळच्या अभ्यासकेंद्रात संमंत्रक (दूरशिक्षणातले मार्गदर्शक शिक्षक) म्हणून विचारा. ही केंद्रे बहुतेक महाविद्यालयांतच असतात आणि संमंत्रणाची सत्रे प्रामुख्याने रविवारी व सुट्टीच्या दिवशी होतात. केंद्र संयोजकांना भेटताना पदवीची गुणपत्रिका आणि कोणते विषय शिकवू शकता त्यांची यादी सोबत न्या. पैशाची गरज नसेल आणि शाळेचीच ओढ असेल तर केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येते. ते काम विनामोबदला आहे.

प्रश्न : मी नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवायचो. घरात १० बाय १४ फुटांची पुढची खोली रिकामी आहे. शिकवणी सुरू करायची आहे. किती मुले घ्यावीत, काय काळजी घ्यावी? (सांगली)

उत्तर : खोली १४० चौरस फुटांची. फळ्यासमोर तुम्हाला उभे राहायला आणि दाराला मिळून तीसेक चौरस फूट सोडा. बाकीच्या जागेत एका मुलाला दहा चौरस फूट धरले तर दहा-अकरा मुले बसतील. तुम्ही आठच घ्या. गणिताच्या शिकवणीत प्रत्येकाच्या वहीपर्यंत हात पोचला पाहिजे, आणि तासाभरात आठांपेक्षा जास्त वह्या नीट पाहून होत नाहीत. फळा ६ बाय ४ फुटांचा पांढरा घ्या. त्याची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर ठेवा, म्हणजे मागे बसलेल्यालाही शेवटची ओळ दिसते. ट्यूब फळ्याच्या समोर नको, चकाकीने मधला भाग वाचता येत नाही. ती फळ्याच्या वर किंवा बाजूला लावा.

बिघडते ते तुकडी भरण्याच्या घाईत. मराठी माध्यम, सेमी आणि सीबीएसई अशी तिन्ही मुले एकाच तुकडीत बसवली की कोणाचेच धड होत नाही. राज्य मंडळाच्या दहावीला गणिताचे भाग १ आणि भाग २ असे ४०-४० गुणांचे दोन पेपर असतात, सीबीएसईला एकच. धड्यांचा क्रमही वेगळा. सुरुवातीला फक्त राज्य मंडळ आणि फक्त सेमी (किंवा फक्त मराठी) अशी एकच तुकडी करा.

प्रवेश देण्याआधी वीस प्रश्नांची चाचणी घ्या आणि ती दहावीची नको. अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्यांचा गुणाकार, गुणोत्तर, शेकडेवारी, एका चलाचे समीकरण : सहावी ते आठवीचा भाग. दहावीत वर्गसमीकरण अडते असे पालक सांगतात, पण वहीत पाहिले तर मूल −३ आणि −४ यांच्या बेरजेत अडकलेले असते. चाचणीचा कागद पालकांना दाखवा आणि पहिले तीन आठवडे हा पाया भरण्यात जातील, हे आधीच सांगून ठेवा. नाही तर पंधराव्या दिवशी ‘अजून पहिला धडाच चालू आहे का?’ अशी विचारणा होते.

फी तिमाही आणि आगाऊ घ्या, पावती द्या. मोठ्या क्लासशी चढाओढ करू नका, त्यांच्या जाहिरातीपुढे एकट्या माणसाचा निभाव लागत नाही. तुमचे बळ दुसरीकडे आहे : गणितात ३०-३५ गुणांवर अडकलेली मुले, ज्यांच्याकडे मोठ्या क्लासचे लक्ष जात नाही.

शिवाय गावातल्या मुलांसाठी दोन परीक्षांची छोटी तुकडी चांगली चालते. पाचवीत असताना दिली जाणारी नवोदय प्रवेश परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न आणि १०० गुणांची असते : बुद्धिमत्ता ४० प्रश्न ५० गुण, अंकगणित २० प्रश्न २५ गुण, भाषा २० प्रश्न २५ गुण. आठवीच्या एनएमएमएस परीक्षेत बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर असतात आणि निवड झालेल्या मुलाला वर्षाला १२ हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते. या दोन्हींमध्ये वेळ पुरत नाही म्हणून गुण जातात, तेव्हा दर आठवड्याला घड्याळ लावून सराव घ्या.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ नुसार सेवेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. निवृत्तांना ती आडकाठी नाही. त्यामुळेच सेवेतले जुने सहकारी ‘क्लास तुमच्या नावावर, शिकवू आम्ही’ असे सुचवायला येतात. नाव देऊ नका. सोसायटीत राहत असाल तर समितीला आधी लेखी कळवा, मुलांच्या सायकली कुठे लागतील तेही त्यात लिहा. तक्रारी शिकवण्याबद्दल होत नाहीत, जिन्यातल्या चपला आणि सायकलींबद्दल होतात.

प्रश्न : बाहेर कमाई केली तर पेन्शन कमी होते का? आणि आयकराचे काय? (लातूर)

उत्तर : शिकवणी, लेखन किंवा खासगी शाळेतली नोकरी यांतून पैसे मिळाले म्हणून पेन्शन कापली जात नाही. सरकारी किंवा अनुदानित जागेवर पुनर्नियुक्ती झाली तर मात्र आदेशाची प्रत जोडून कोषागाराला लेखी कळवा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना पुनर्नियुक्तीबद्दलही सांगावे लागते. ते लपवले आणि पुढे जादा रक्कम निघाली तर वसुली एकदम होते.

कराच्या बाबतीत गोंधळ होतो तो इथे : पेन्शन ही कराच्या दृष्टीने पगारासारखीच धरतात, शिकवणीचे उत्पन्न मात्र व्यवसायाचे. समजा पेन्शन दरमहा ४५ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार, आणि शिकवणीचा खर्च वजा जाता २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख ८० हजार. नव्या करप्रणालीत पेन्शनवर ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. उरले ७ लाख ५ हजार. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही. पण विवरणपत्र भरावेच लागते, आणि आजवर भरत होता तो सोपा आयटीआर-१ चालत नाही. व्यवसायाचे उत्पन्न आले की आयटीआर-३ किंवा ४. डॉक्टर-वकिलांसाठीची ‘निम्मे उत्पन्न नफा धरा’ ही सवलत शिकवणीला लावून टाकणारे सल्लागार भेटतील. त्या व्यवसायांच्या यादीत अध्यापन नाही, तेव्हा सनदी लेखापालाला नेमके विचारा.

आणखी तीन गोष्टी. साठीपुढच्या व्यक्तींना आगाऊ कर भरण्यातून सूट असते, पण व्यवसायाचे उत्पन्न असले की ती सूट जाते. टीडीएस वजा जाता कर १० हजारांहून जास्त निघत असेल तर हप्ते वेळेवर भरा, नाही तर व्याज लागते. दुसरे, नुसती पेन्शन असताना दरवर्षी जुनी-नवी करप्रणाली बदलता येते. व्यवसायाचे उत्पन्न असेल तर नव्या प्रणालीतून बाहेर पडून परत येण्याची संधी एकदाच. तिसरे, एखाद्या संस्थेने वर्षात ५० हजारांहून जास्त व्यावसायिक शुल्क दिले तर ती १० टक्के टीडीएस कापते. तो पैसा बुडत नाही. विवरणपत्रात दाखवला की कर लागत नसल्यास परत मिळतो.

एक वही करा : तारीख, कोणाकडून, किती, रोख की यूपीआय. दुसऱ्या बाजूला खर्च : झेरॉक्स, मार्कर, विजेचा वाटा. जीएसटीची चिंता नको. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही.

प्रश्न : तीस वर्षे मराठी शिकवले. शुद्धलेखन पक्के आहे. मुद्रितशोधनाचे काम घरबसल्या मिळेल का? त्यासाठी वेगळे काय शिकावे लागेल? (अहिल्यानगर)

उत्तर : मिळेल, आणि चांगल्या मुद्रितशोधकांची टंचाई असल्याने टिकेलही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२मध्ये जोडलेले ४ असे अठरा लेखननियम तुम्हाला पाठच असतील. ‘कवी’ दीर्घ पण ‘कविवर्य’ ऱ्हस्व, ‘विद्यार्थी’ पण ‘विद्यार्थिनी’ हे तुम्ही वर्गात शेकडो वेळा सांगितले असेल. तेवढ्याने निम्मे काम होते. उरलेले निम्मे संगणक आणि छपाईच्या व्यवहाराचे आहे.

बरेच प्रकाशक आणि छापखाने अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरतात, लेखक मात्र युनिकोडमध्ये टंकून पाठवतात. एकातून दुसऱ्यात रूपांतर होताना ठरावीक ठिकाणी मजकूर मोडतो. सगळ्यात जास्त मार बसतो तो ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ला : ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, ‘कुऱ्हाड’ची ‘कुर्हाड’. संगणकाला ‘सगळीकडे र्याच्या जागी ऱ्या कर’ असे सांगून भागत नाही, कारण मग ‘सूर्याला’चे ‘सूऱ्याला’ होईल. ‘दर्याकिनारी’ आणि ‘दऱ्याखोऱ्यांत’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या जोड्यांतले दोन्ही शब्द बरोबर आहेत. कोणता कुठे, ते वाक्य वाचूनच ठरते. म्हणून पान हाती आले की आधी फक्त ‘र्या’ शोधत एक फेरी मारा. दुसरी फेरी उलटलेल्या जोडाक्षरांची : ‘पध्दत’, ‘शुध्द’, ‘प्रसिध्द’ इथे ‘द्ध’ हवा. तिसरी अवतरणचिन्हे आणि विरामचिन्हांआधी पडलेल्या मोकळ्या जागांची. अर्थ लावत सलग वाचन त्यानंतर. या चारही गोष्टी एकाच वाचनात करायला गेले की डोळा गोष्टीत रमतो आणि चुका निसटतात.

पुस्तकाचे प्रूफ सहसा तीनदा येते. पहिले मूळ हस्तलिखिताशी ताडून वाचायचे, गळलेली ओळ तिथेच सापडते. दुसऱ्यात फक्त आपण सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का पाहून थांबू नका. दुरुस्तीमुळे ओळी सरकतात आणि शेजारच्या ओळीत नवी चूक येते, तेव्हा त्या परिच्छेदाच्या शेवटापर्यंत वाचा. तिसऱ्यात अनुक्रमणिकेतले आकडे आणि प्रत्यक्ष पानांचे आकडे, प्रकरणांची नावे, चित्रांखालच्या ओळी. पीडीएफवर शेरे टाकणे आणि वर्ड फाइलमध्ये बदल दिसतील अशा रीतीने दुरुस्त करणे, ही दोन कौशल्ये आठवड्याभरात येतात. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला महिनाभर रोज अर्धा तास द्या.

शिक्षकांना इथे एक सवय आवरावी लागते. निबंध तपासल्यासारखे वाक्य ‘सुधारण्याचा’ मोह होतो. मुद्रितशोधकाने लेखकाचे वाक्य बदलायचे नाही. संवादात ‘न्हाई’, ‘गेलेलाव’ अशी बोली आली तर ती तशीच राहू द्या, फक्त सगळ्या पुस्तकात एकसारखी आहे का ते पाहा. शंका असेल तर समासात प्रश्नचिन्ह टाकून लेखकाला विचारा.

सुरुवात पुण्याच्या मोठ्या प्रकाशकाकडून करू नका. तुमच्या शहरातला छापखाना महाविद्यालयांचे वार्षिकांक, पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका छापतो. त्यांच्याकडे मुद्रितशोधक नसतो आणि लाज आणणाऱ्या चुका तिथेच होतात. जुन्या अंकाची पाच पाने तपासून त्यांना दाखवा. नमुना म्हणून पाचच, चाळीस पाने फुकट मागणाऱ्याला नाही म्हणा. दर ठरवण्याआधी घड्याळ लावून पाहा. डेमी आकाराच्या, साधारण तीनशे शब्दांच्या पानाचे पहिले प्रूफ नीट वाचायला सुरुवातीला सात-आठ मिनिटे लागतील. त्यावरून तासाला किती पाने आणि तासाचे किती पैसे हवेत ते काढा. दर पानामागे, प्रत्येक वाचनाचा वेगळा आणि लेखी ठरवा. दुसऱ्या वाचनाला पहिल्याच्या निम्मा दर रास्त आहे. लेखकाने मध्येच वीस पाने नवी घातली तर ती पहिल्या वाचनाच्या दराने. दिवाळी अंकांचे काम जुलैपासून दसऱ्यापर्यंत अंगावर येते. त्या काळात सगळ्यांना ‘हो’ म्हटले की मुदती चुकतात, आणि या धंद्यात मुदत चुकवणाऱ्याला पुढच्या वर्षी फोन येत नाही.

प्रश्न : परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवायचे आहे. मुलगी अमेरिकेत असते, आम्ही उभयता वर्षातून काही महिने तिच्याकडे असतो. (ठाणे)

उत्तर : आधी घड्याळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुलांसाठी आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी ७ ही वेळ सोयीची : तिथे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. कॅलिफोर्नियासाठी आपली रविवारी सकाळी ७ची वेळ धरा, तिथे शनिवार संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेपाच असतात. लंडनसाठी आपले शनिवारी रात्री साडेआठ. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दोन्हीकडची मुले असतील तर मधले आठवडे सगळ्यांना वेळ पुन्हा कळवा. हे न केल्याने वर्ग रिकामा राहतो.

ही मुले मराठी समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. त्यांना पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून शिकवू नका. अक्षरे आकाराच्या गटांनी घ्या, आपले जुने ‘ग म भ न’ इथे अगदी योग्य ठरते. त-ट, द-ड, ल-ळ हे फरक कानाला आधी ऐकवा, लिहायला नंतर. ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ यांतला ‘च’ वेगळा आहे, हे मुलांना सांगितल्याशिवाय उमगत नाही. चाळीस मिनिटे आणि जास्तीत जास्त चार मुले. फोन स्टँडला लावून त्याचा कॅमेरा थेट तुमच्या वहीवर रोखा, म्हणजे अक्षराचे वळण हात चालताना दिसते. पडद्यावर छापील अक्षर दाखवून ते कळत नाही. आई-वडिलांनी शेजारी बसून उत्तरे पुरवू नयेत, हे पहिल्याच दिवशी सांगा.

अमेरिकेत अनेक महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा आहेत आणि तिथे शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. त्यांना लिहा. मागे पडलेल्या मुलांसाठी जादा तास हवेच असतात. फी दहा तासांची एकत्र मागवा. दर महिन्याला छोट्या रकमा आल्या तर हस्तांतराच्या शुल्कातच बराच भाग जातो. हे उत्पन्न भारतात करपात्र आहे.

मुलीकडे पर्यटक व्हिसावर असताना तिथल्या कुटुंबांना शिकवून पैसे घेऊ नका, त्या व्हिसावर ते चालत नाही. भारतातले चालू वर्ग तिथून घ्यायचे असले तरी आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. सगळ्यात निर्धोक म्हणजे वर्षाचे वेळापत्रकच असे आखा की ते महिने सुट्टीचे असतील.

प्रश्न : एक पतसंस्था ठेवी गोळा करण्याचे काम देत आहे. माझे माजी विद्यार्थी तालुकाभर आहेत, कमिशन बरे आहे. घ्यावे का? (सातारा)

उत्तर : घेऊ नये. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसते. लोक ठेव ठेवतील ती संस्थेचा ताळेबंद पाहून नाही, ‘सर म्हणाले’ म्हणून. संस्था अडचणीत आली तर संचालक भेटत नाहीत आणि माणसे तुमच्या दारात येतात. आर्थिक क्षेत्रातच काम करायचे असेल तर परीक्षा आणि परवाना असलेले घ्या : विमा प्रतिनिधी, किंवा एनआयएसएम या संस्थेची परीक्षा देऊन म्युच्युअल फंड वितरक. ती परीक्षा १०० गुणांची असते, उत्तीर्ण व्हायला ५० लागतात.

प्रश्न : एका प्रकाशकाने दहावी विज्ञानाचा प्रश्नसंच लिहायला सांगितले आहे. एकरकमी मानधन देणार आणि ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ अशा दोन ओळींच्या कागदावर सही मागतात. करावी का? (अमरावती)

उत्तर : काम जरूर घ्या, त्या कागदावर सही करू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्याचा करार लेखी, सहीनिशी असावा लागतो आणि त्यात कोणते लेखन, कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती हे यावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘सर्व हक्क कायमचे’ असे छापून आणले तर वर्षे घालून मागा. छापील पुस्तकाचे हक्क वेगळे आणि ॲप किंवा ऑनलाइन चाचणीचे वेगळे लिहून घ्या, कारण आता प्रश्नसंचाची खरी कमाई बहुधा तिथेच होते. मुखपृष्ठावर तुमचे नाव येणार का, अभ्यासक्रम बदलला तर सुधारित आवृत्ती कोण करणार आणि तिचे पैसे किती, हेही ठरवा. पैसे तीन टप्प्यांत घ्या : सहीच्या वेळी एक तृतीयांश, पूर्ण मजकूर दिल्यावर एक तृतीयांश, शेवटचे प्रूफ तपासल्यावर बाकी. ‘छापून आल्यावर’ असा टप्पा नको, छपाई लांबणे तुमच्या हातात नसते.

लिहिताना बालभारतीच्या पुस्तकातली आकृती किंवा उतारा जसाच्या तसा उचलू नका, त्यांचे हक्क राखीव असतात. आकृती स्वतः काढा आणि मूळ कागद जपून ठेवा. बहुपर्यायी प्रश्नांत नेहमी तीन ठिकाणी घसरते : दोन पर्याय बरोबर निघतात, उत्तरसूचीतला क्रमांक एकाने पुढे सरकतो, आणि गुरुत्व त्वरण एका उदाहरणात ९.८ तर दुसऱ्यात १० घेतलेले असते. संच पूर्ण झाला की उत्तरसूची काढून घ्या आणि दहावी झालेल्या एखाद्या हुशार मुलाकडून सगळा सोडवून घ्या, त्याला त्याचे पैसे द्या. त्याची उत्तरे तुमच्या सूचीशी जिथे जुळत नाहीत तेवढेच प्रश्न पुन्हा तपासायचे. प्रत्येक प्रकरण तयार होताच ईमेलनेच पाठवा, पेन ड्राइव्हवर देऊ नका, म्हणजे कोणता मजकूर कोणत्या तारखेला दिला त्याची नोंद दोन्हीकडे राहते.